चार खिळे आणि एक चिंच

प्रसेनजीत कुरणे यांच्या नावानं आजवर कुणीही दंडाची पावती फाडलेली नव्हती. सिग्नलवरच्या हवालदारानं नाही, वाचनालयानं नाही, कुणीच नाही. ही गोष्ट ते घरी आलेल्या पाहुण्याला चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सांगत, आणि पाहुणा नुसती मान हलवून बिस्कीट उचलू लागला तर पुन्हा सांगत. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. दुसऱ्यांच्या नावानं पावत्या फाडणं हाच पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळं, स्वतःचं नाव पावतीवर येणं म्हणजे त्यांच्या मते डॉक्टरनं भोंदूकडून अंगारा आणण्यासारखं होतं.

त्यांच्या कचेरीच्या मागं एक खोली होती. तिच्यात दुकानदारांकडून जप्त केलेले खोटे तराजू आणि आतून पोकळ केलेली वजनं रचून ठेवलेली असत. खटला चालू आहे तोवर मुद्देमालाला कुणी हात लावायचा नाही असा नियम, आणि खटले काही संपत नव्हते. एक तराजू तर कुरणे नोकरीला लागायच्या आधीपासून तिथं होता. ज्याच्या दुकानातून तो आणला तो दुकानदार वारला, ज्यानं आणला तो निरीक्षक वारला, तराजू मात्र जागच्या जागी होता. कुरण्यांची बायको श्रुती म्हणायची, "माणसाला लई जगायचं असेल तर त्यानं मुद्देमाल व्हावं." कुरण्यांना हा विनोद आवडत नसे. कायद्याची चेष्टा त्यांना सोसायची नाही, आणि त्याला कारण होतं. त्यांचे वडील गणपती कुरणे आयुष्यभर एकच वाक्य सांगत आले होते, "देवळात जागा मिळंल न मिळंल, कायद्यात आपली जागा हाय. तिथनं उठू नगंस."

तर असे हे कुरणे. कसबा बावड्याच्या टोकाला, जिथं ऊस संपतो आणि बंगले सुरू होतात, तिथं त्यांनी घर बांधलं. शाहूवाडीकडच्या गावातून आई सरुबाईला आणताना मात्र नाकीनऊ आले. "शहरात मी कुणाच्या तोंडाकडं बघत बसू?" हा तिचा प्रश्न. ती आली, घर बघितलं, फरशी घसरती म्हणाली, गॅसला वास येतो म्हणाली, आणि मग शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरची चिंच बघून गप्प झाली. दोन माणसांच्या कवेत न मावणारी चिंच होती ती. सरुबाईनं तिच्याखाली पोतं अंथरलं ते कायमचं. दुपारी कॉलनीतल्या बायका तिच्याभोवती जमू लागल्या, चिंचा फोडायच्या दिवसांत तर तिथं बाजार भरे. एकदाच, डाळ निवडता निवडता, ती म्हणाली होती, "गावात पिंपळाला पार हुता. आमच्या माणसांनी लांबनं बघायचा. हितं मला कुणी ऊठ म्हणालं न्हाय." एवढंच बोलून ती पुन्हा डाळीतले खडे वेचू लागली. कुरणे मात्र ते वाक्य विसरले नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्या चिंचेच्या बुंध्यावर तांबड्या रंगाची फुली दिसली. प्लॉटच्या कडेला रातोरात मोठा फलक उभा राहिला होता. बाळासो नावाच्या बिल्डरनं प्लॉट घेतला होता आणि तिथं फ्लॅटची इमारत उठणार होती. फलकावर हिरवीगार अक्षरं होती: "चिंचबन पार्क. निसर्गाच्या कुशीत."

कुरणे त्या दिवशी अर्धी रजा टाकून झाडांच्या कचेरीत गेले. तिथं कृष्णात नावाचा कारकून चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता.

"झाड पडलंय का?" सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं.

"नाही. पाडणार आहेत."

"मग पडल्यावर या की. पडल्याबिगर गुन्हा कसला? उद्या तुम्ही म्हणशीला, शेजारी माझा खून करणार हाय, फाशी द्या त्येला."

"आणि पडल्यावर आलो तर?"

"तर पंचनामा. पण त्येला झाड जाग्यावर लागतंय. झाड न्हाय तर पंचनामा कशाचा करायचा, हवेचा?"

कुरण्यांनी हे उत्तर मनात उलटून पालटून बघितलं. दोन्ही बाजूंनी ते सारखंच भक्कम होतं.

"आन दुसरं सांगू का सायेब," कृष्णात आवाज खाली आणत म्हणाला, "त्या प्लॉटवर झाडच न्हाय. बांधकामाच्या नकाशात 'किरकोळ झुडपं' असं दाखवलंय."

"दोन माणसांच्या कवेत मावत नाही ते झुडूप?"

"किरकोळ हाय का न्हाय ते मोठे सायेब ठरवत्यात. मोठे सायेब गावाला गेलेत. आता दिवाळी झाल्यावरच."

"म्हणजे दिवाळीत कायदा बंद?"

"कायदा चालू असतोय की," कृष्णातला हा आरोप लागला. "कचेरी बंद."

कुरणे घरी आले ते चेहरा पाडून. फाटकात शेजारचे विजयसिंह वाटच बघत उभे होते. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून विजयसिंहांकडं सल्ल्याचा गाळप हंगाम बारमाही चालू असे. कुणाचं लग्न असो की कुणाची मूळव्याध, त्यांचा तोडगा तयार.

"सोपं हाय कुरणे," ते म्हणाले. "एक धोंडा आणायचा, शेंदूर फासायचा आन बुंध्याला टेकवायचा. म्हसोबा बसला की बाळासो काय, बाळासोचा बा पन झाडाला हात लावत न्हाय."

कुरणे काही बोलायच्या आत पोत्यावरून सरुबाईचा आवाज आला.

"न्हाय. देवाच्या नावानं मला एका झाडाखालनं उठवलंय. दुसरं झाड देवाच्या नावानं राखायचं न्हाय."

विजयसिंहांनी तो तोडगा तिथंच टाकला. दुसरा तयारच होता. म्हणाले, "मग बोर्ड लावा. बिल्डर दोनच गोष्टींना भितोय. एक बोर्ड, दुसरी बायको."

बोर्ड म्हटल्यावर कुरण्यांच्या डोळ्यांत चमक आली. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. त्यांनी पत्रा आणला, पांढरा रंग दिला आणि वर निळ्या अक्षरांत सबंध कायदा उतरवला. हे झाड संरक्षित आहे, त्यास इजा करणं गुन्हा आहे, गुन्हेगारास दंड होईल. सरकारी माणसाला सहीशिवाय मजकूर उघडा वाटतो, म्हणून खाली स्वतःचं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर, तारीख आणि सही.

"दोरीनं बांधा की," श्रुती म्हणाली.

"दोरीला वजन नसतं," असं म्हणून कुरणे शिडीवर चढले. विजयसिंहांनी शिडी धरली आणि खाली राहून हातोडी कशी मारावी ते सांगितलं. चांगले लांबलचक चार खिळे चिंचेत गेले. बोर्ड भिंतीसारखा घट्ट बसला. कुरण्यांनी खाली उतरून लांबून बघितलं आणि त्यांना कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी पांढरी गाडी आली. तिच्यातून पांढऱ्या कपड्यांतले बाळासो उतरले, हातात मिठाईचा बॉक्स. त्यांनी बोर्ड वरपासून सहीपर्यंत वाचला.

"लई भारी अक्षर हाय सायेब. मीबी निसर्गप्रेमीच. ह्या झाडावरनंच तर प्रोजेक्टला नाव दिलंय."

"मग तेच झाड तोडताय कशाला?"

"पार्किंगला. नाव राहतंय की! आन एकाला धा झाडं लावणार हाय आपण. टेरेसवर, कुंडीत."

"चिंच? कुंडीत?"

"बारकी चिंच मिळती आता, पावणं. टेबलावर मावती." बाळासो हसले. मग जाता जाता कुरण्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "भिंत नियमात हाय न्हवं ही? न्हाय, सहज विचारलं."

गाडी वळायच्या आत कुरणे शिक्का मारलेली टेप घेऊन भिंत मोजत होते. भिंत नियमात होती. नियमापेक्षा वीतभर आतच होती. पण धमकी ती धमकीच. आता बाळासो सुट्टीतच डाव साधणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

कुरण्यांनी राखणीची व्यवस्था लावली. सकाळी ते, दुपारी आई, संध्याकाळी श्रुती. त्यांच्या घरी देवपूजा नव्हती, पण शेजारचा फराळ यायचा तो यायचाच, त्यामुळं पहारा उपाशीपोटी होत नव्हता. तरीही माणूस खंगत चालला. लांब कुठं ट्रक घुरघुरला की ते घासातून उठायचे. सुतळी बॉम्ब फुटला की चिंच पडली म्हणून धावायचे. एकदा तर मिक्सर लावला म्हणून श्रुतीवर ओरडले. "अहो, चटणी वाटतेय, झाड नाही," ती म्हणाली. ते ओशाळले, पण परत जाऊन झाड बघून आलेच.

एकट्या घरानं हे निभणार नाही हे त्यांना कळत होतं. कुणीतरी कायम झाडाखाली पाहिजे होतं, आणि तसं कुणीतरी पूर्वी होतंही. समोरच्या आकाराम गवळ्याची मैना. मैना म्हणजे म्हैस. अंगानं ट्रकएवढी, नावानं पाखरू. चिंचेखाली ती रवंथ करत बसली की रस्त्यावरून सायकलसुद्धा जपून जायची. पण महिन्याभरापूर्वी कुरण्यांनीच तो योग मोडला होता.

त्याचं असं झालं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपापल्या म्हशी नटवून मिरवायला काढतात. मालक पुढं मोटरसायकलवर, गाडीचा सायलेन्सर काढलेला, आणि तो कानठळ्या बसवणारा आवाज ओळखून म्हैस गर्दीतून मालकाच्या मागं सुसाट पळत सुटते. हे काही आपोआप होत नाही. महिनाभर रोज संध्याकाळी सराव लागतो. आकाराम फटफटी बडवायचा आणि मैना शेपूट वर करून मागं धावायची. इकडं कुरण्यांच्या घरच्या बरण्या फळीवर सरकायच्या. कुरण्यांनी रीतसर तक्रार केली. आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशीच हवालदार आला, आकारामला दंड झाला. आकारामनं सराव उसाच्या फडाकडं हलवला आणि मैनेला चिंचेखालून सोडून आपल्या गोठ्यापुढं बांधली. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कुरणे मान खाली घालून त्याच्या गोठ्यापाशी गेले. आकाराम मैनेच्या शिंगांना तेल चोळत होता.

"आकाराम, मैनेला चार दिवस चिंचेखाली बांधाल का?"

आकारामनं मान वर केली नाही. "माझ्यासाठी एका दिसात हवालदार आलता, सायेब. त्योच कायदा बाळासोकडं धाडा की."

"तो तिकडं जात नाही."

"का जात न्हाय?"

सगळी नोकरी ज्या कायद्यात गेली तो छोट्याच्या दारात धावत जातो आणि मोठ्याच्या दारात चप्पल शोधत बसतो, हे एका गवळ्यापुढं कबूल करायला कुरण्यांची जीभ रेटेना. आकारामनंच शेवटी विषय मिटवला, "म्हातारीसाठी वाईट वाटतंय मला. पर उद्या पाडवा हाय. मैना पळूंदे, मग बघू."

पाडव्याच्या सकाळी म्हशी बघायला सगळी कॉलनी रिकामी झाली. विजयसिंह तर चांगली जागा मिळावी म्हणून सगळ्यांच्या आधी पोहोचले होते. कुरणे आरशापुढं उभे राहून दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल मोकळा, आणि तेवढ्यात ट्रक थांबल्याचा आवाज आला. यावेळी तो ट्रकच होता.

ते तसेच, बनियनवर, फेसासकट धावले. ट्रकमधून माणसं उतरली होती, एकाच्या हातात झाड कापायचं पेट्रोलचं मशीन होतं. बाळासो गाडीला टेकून उभे होते. चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून सरुबाई पोत्यावर बसली होती.

"बोर्ड वाचा!" कुरणे ओरडले. "आधी बोर्ड वाचा!" आणि कुणी वाचेना तेव्हा ते स्वतःच मोठ्यांदा वाचू लागले. संरक्षित या शब्दापर्यंत आले आणि मशीन सुरू झालं. मशीन जुनं होतं, त्याचा सायलेन्सर कधीचाच गेला होता. कायद्याचा एक शब्द ऐकू येईना. कुरण्यांनी एका हातानं पोलिसांना फोन लावला. "कुणाला लागलंय का?" पलीकडून विचारणा झाली. "चिंचेला!" कुरणे म्हणाले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

रस्त्याकडं झुकलेली एक फांदी कडाडत खाली आली. सरुबाईच्या अंगावर पाला उडाला. ती हलली नाही, पण तिचे हात पोत्याच्या कडा घट्ट धरून बसले होते. मशीन बंद करून माणूस बुंध्याकडं वळला.

"म्हातारीला जरा बाजूला घ्या," बाळासो म्हणाले. दोन गडी पुढं झाले.

"ऊठ आज्जी," त्यातला एक म्हणाला.

ऊठ. कुरणे गड्यांच्या आणि आईच्या मध्ये जाऊन हात पसरून उभे राहिले. गालावरचा फेस सुकत आलेला. "हिला कुणी ऊठ म्हणायचं न्हाय!" ते किंचाळले, आणि त्या भरात तोंडून निघाली ती शुद्ध शाहूवाडीची भाषा. "मी उठत न्हाय, ही उठत न्हाय. आधी मला कापा!"

बाळासोंनी मशीनवाल्याकडं बघून मान हलवली. नुसतं भ्या दाखीव, असा त्याचा अर्थ असावा. मशीनवाल्यानं दोरी ओढली, खटका पूर्ण दाबला आणि मशीन जीव खाऊन कडाडलं.

समोर आकारामच्या दारात मैना नटून तयार होती. मशीनच्या पहिल्या आवाजालाच तिनं कान टवकारले होते. शिंगं भगवी, मानेत घुंगरं, कपाळावर मोरपिसं, पाठीवर रंगानं लिहिलेलं, "नाद करायचा न्हाय". आकाराम फेटा बांधत होता. महिनाभर जो आवाज ऐकून पळायला शिकवलं तो आवाज मैनेला रस्त्यापलीकडून आला. मालक बोलवतोय म्हटल्यावर तिनं एक हिसडा दिला, खुंटा उपटला आणि खुंट्यासकट ती निघाली.

तिच्या मनात राग अजिबात नव्हता हे इथं नमूद केलं पाहिजे. ती मायेनं येत होती. पण ट्रकएवढी माया शेपूट वर करून अंगावर आली की समोरच्याला फरक कळत नाही. गडी ट्रकमध्ये चढले. बाळासो गाडीत शिरले आणि काचा वर केल्या. मशीनवाला मात्र मशीन हातात धरून पळाला, आणि तिथंच चुकला. भीतीनं त्याची मूठ आवळली ती खटक्यावरच. तो जितका घाबरे तितकं मशीन गर्जे, मशीन जितकं गर्जे तितकी मैना खूश. दोघांनी प्लॉटला एक फेरा मारला. मैनेच्या शिंगानं बाळासोंच्या गाडीचा आरसा जाता जाता उतरवला, आणि जोडी रस्त्याला लागली.

"मशीन बंद कर की रं!" अर्धा फेटा हातात घेऊन आकाराम मागून ओरडत होता. पुढच्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. ते सगळं लटांबर मिरवणुकीच्या गर्दीत शिरलं. लोकांना वाटलं, आकारामनं यंदा नवीन काढलं. मोटरसायकल जुनी झाली, आता झाडकाप्याच्या मागं म्हैस! शिट्ट्या झाल्या, हलगी कडाडली. पहिलं बक्षीस मैनेला मिळालं. मशीनवाल्यालाही कुणीतरी फेटा बांधला आणि पेढा भरवला. तो पेढा गिळून तो बाळासोंना फोनवर म्हणाला, "झाड कापायचं बोललासा, मालक. म्हस बोलला न्हवतासा." त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत तो काही आला नाही. मैना मात्र त्याच संध्याकाळी चिंचेखाली आली. आकारामनं गुपचूप दावं बांधलं आणि कुरण्यांकडं न बघता म्हणाला, "म्हातारीला सोबत."

कचेरी उघडली त्या सकाळीच कृष्णात दोन पंच घेऊन हजर झाला. कुरण्यांचा ऊर भरून आला. उशिरा का होईना, कायदा आला! ते शर्ट घालून बाहेर धावले. कृष्णातच्या मागं बाळासो उभे होते.

"तक्रार आलीय," कृष्णात म्हणाला. "झाडाला खिळे ठोकून इजा केल्याची. बाळासोंनी केलीय."

"मला बघवंना, सायेब," बाळासो हळहळले. "चार खिळे! मुक्या झाडाला!"

"आणि ती तोडलेली फांदी?" कुरण्यांनी बोट वर करून विचारलं.

"ती वाऱ्यानं पडली म्हनत्यात," कृष्णात बुंध्याला टेप लावत म्हणाला. "कुणी बघितलंय का दुसरं? सगळी म्हशी बघायला गेल्ती, आकाराम म्हशीच्या मागं. खिळ्यांचं मात्र बरं झालं सायेब, खाली तुमचं नाव, हुद्दा, मोबाइल, सही सगळं हाय. असा आरोपी मिळत न्हाय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विजयसिंह, ज्यांनी शिडी धरली होती, ते कंपाउंडच्या पलीकडून "चोर सोडून संन्याशाला फाशी!" म्हणाले आणि पंचांनी बघताच खाली बसले.

पंचनामा झाला. चिंचेचं एक झाड, घेर इतका, उंची इतकी, जिवंत, उभं. बाळासोंनी तक्रारदार म्हणून सही ठोकली.

"किरकोळ दंड हाय," कृष्णात पावतीपुस्तक काढत म्हणाला. "भरून टाका, विषय मिटवा."

कुरण्यांचा हात खिशाकडं गेला. इतक्या वर्षांचं कोरं नाव, आणि पहिली पावती कशाची, तर ज्याला वाचवायला गेलो त्यालाच मारल्याची.

"ऱ्हाऊंदे, मी भरतो की," बाळासो घाईघाईनं म्हणाले. "शेजारधर्म हाय. आजच्या आज मिटू दे सगळं, बोर्डबी उतरू दे."

ही घाई कुरण्यांच्या कानाला खटकली. खोट्या वजनाचा आवाज ओळखायची त्यांच्या कानाला जन्माची सवय होती. हात खिशातच थांबला.

"कृष्णात, दंड भरला नाही तर?"

"तर खटला."

"आणि हे झाड?"

"झाड कसलं आता सायेब? मुद्देमाल झाला त्यो. खिळ्यांसकट."

"म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही?"

"खटला संपत न्हाय तवर कुणाच्या बापानं लावायचा न्हाय."

कुरण्यांच्या डोळ्यांपुढं कचेरीमागची खोली उभी राहिली. तो तराजू दिसला. बाळासोंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. "मी तक्रार मागं घेतो," ते म्हणाले.

"सही झाली की हो," कृष्णात म्हणाला. "सरकारी कागद मागं जात न्हाय. त्येला मागची बाजूच नसती."

कुरण्यांनी आईकडं बघितलं. आपल्याला उठायला लागणार की नाही, एवढंच तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. गुन्हा तर खरा होता. खिळे त्यांनीच ठोकले होते. बढतीची वेळ जवळ आली होती आणि खात्यात बोभाटा होणार होता. हे सगळं त्यांना एका दमात दिसलं, आणि त्यांनी रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

"मी दंड भरणार नाही," ते म्हणाले. "खटला भरा."

बढती गेलीच. पाहुण्यांना आता पावतीची गोष्ट ऐकावी लागत नाही, ते निवांत बिस्कीट खातात. पट्टेवाल्यानं "आरोपी प्रसेनजीत कुरणे" अशी पहिली हाळी दिली तेव्हा कुरण्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पहिला वकील म्हणाला, एका तारखेत निकाल लावतो. त्याला त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि सबंध कोर्टात ज्याच्या सुस्तीचा लौकिक होता तो वकील शोधून काढला. दर तारखेला बाळासोही येतात आणि लवकर न्याय मिळावा म्हणून हात जोडून बसतात.

मध्यंतरी न्यायाधीश बदलले. नवीन साहेब फार कामाचे, खटले धडाधड निकाली काढतात, असं कळल्यावर कुरण्यांना जेवण जाईना. तारखेच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी कोर्टात जाऊन बसले. साहेबांनी कागद चाळले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "साधं प्रकरण आहे. आजच संपवू. मुद्देमाल हजर करा."

कृष्णात उठला, डोकं खाजवलं, पंचांकडं बघितलं, छताकडं बघितलं.

"सायेब," तो म्हणाला, "मुद्देमाल जाग्यावर रुजलेला हाय."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मग, जागेची पाहणी करायची, ती कुणी करायची हे ठरवायचं, आणि ते ठरेपर्यंत पुढची तारीख, असा हुकूम झाला. बाळासोंनी कपाळाला हात लावला. कुरणे बाहेर आले आणि कोर्टाच्या पायरीवर बसून त्यांनी पुढची तारीख मोत्यासारख्या अक्षरात टिपून घेतली.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. चिंचेखाली मैना रवंथ करत होती. कापलेल्या फांदीच्या जागी कोवळा तांबूस पाला फुटला होता. बोर्ड अजून तिथंच होता, कारण तो काढायचा तर खिळे काढावे लागले असते, आणि खिळे मुद्देमालात होते.

"काय झालं?" सरुबाईनं विचारलं.

"तारीख पडली, आई."

तिनं पोत्यावर जरा सरकून जागा केली.

"मग बस की," ती म्हणाली. "उभा का?"